चित्रकलेचा तास काहून बसत नाही

काम अडलं की 'काहून', म्हणजे 'का', विचारणारी माणसं नागपुरात ढिगानं सापडतील. काम सुरळीत चालू असताना 'काहून' विचारणारी मी एकच पाहिली, शोभाताई. आमची छोटीशी कंपनी शाळांची वेळापत्रकं लावून देणारं सॉफ्टवेअर बनवते. साहेबांचा मंत्र ठरलेला, "चालून राहिलं ना? मंग हात नको लावू." आणि शोभाताई खुर्ची पुढे ओढून म्हणायच्या, "चालून तं राहिलं गा, पण काहून चालून राहिलं?" अशा बाईला काय उत्तर द्यावं? आम्ही चहाला सटकायचो.

त्या मूळच्या नागपूरजवळच्या मौद्याच्या. बारावी झाली, लगेच लग्न झालं, मग टायपिंग शिकून त्या आमच्याकडे शाळांची माहिती भरायला लागल्या. मी कॉम्प्युटर सायन्सची डिग्री मिरवत रुजू झालो तोवर वेळापत्रकाचं सगळं काम त्यांच्याच हातात आलं होतं. पहिल्याच दिवशी डब्यातली मुंगवड्यांची भाजी माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारलं, "तुले डिग्रीत काय शिकवलं?"

मी तयार उत्तर फेकलं, "काही नाही हो ताई. कामाचं सगळं माणूस कामावरच शिकतो." सगळे हसले. त्या नाही हसल्या. "चार वर्सं काहीच नाही? कोणी तं काही सांगतलं असन ना गा!" यात टोमणा नव्हता, खरोखरची उत्सुकता होती. तीच जास्त झोंबली.

त्यांची एक पद्धत होती, 'भांडखोर पहिले'. ज्या तासाची सगळ्यात जास्त तासांशी टक्कर होते, तो आधी बसवायचा. गरीब तास मागून कुठेही मावतात. हे त्यांनी अनुभवानं शोधलं होतं, सॉफ्टवेअरही तसंच चालायचं आणि शाळा खूश होत्या. एक सोडून. मौद्याकडच्या एका शाळेत चित्रकलेचा एक तास काही केल्या बसत नसे. तो शाळा सुटल्यावर घ्यावा लागे आणि तिथल्या चित्रकलेच्या बाईंची नागपूरची बस चुके. दर जूनमध्ये या बाईंचा फोन यायचा. शोभाताई सांगायच्या, "नाही बसून राहिला, बाई. शिक्षकच कमी हायेत तुमच्याकडं." फोन ठेवल्यावर मात्र त्यांना जेवण जायचं नाही. "मी त्या बाईले दरसाल नाही म्हणते," त्या म्हणायच्या, "पण ते 'नाही' खरं हाये का, हे मले माहीत नाही."

एकदा मी फुशारकीनं डिग्रीतलं थोडं उकरून काढलं. म्हटलं, ठिपक्यांची रांगोळी समजा. प्रत्येक तास म्हणजे एक ठिपका. ज्या दोन तासांना वर्ग किंवा शिक्षक एकच, त्यांच्यामध्ये रेघ. एका ठिपक्याला जितक्या रेघा, तितकी त्याची डिग्री.

शोभाताईंना हसू आवरेना. "बापा! म्हणजे डिग्री म्हणजे किती जणांशी भांडण! मी तं कागद समजत होती." मग एकदम थांबून, "भांडखोर पहिले घेतले की नेहमी जमते का?"

"नाही. कधीकधी फसतं."

"काहून?"

मला कुठं माहीत! परीक्षेपुरतं वाचलं होतं.

त्याच उन्हाळ्यात साहेब त्यांना टीमचं प्रमुख करणार होते, आणि ताईंनी कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश घेऊन टाकला. साहेब भडकले, "एक तर प्रमुख व्हा, नाही तर विद्यार्थी. एवढा अनुभव असताना कागद काय चाटायचाय?" मीही डोकं फोडून घेतलं. "ताई, लोक नोकरीसाठी डिग्री घेतात, तुम्ही डिग्रीसाठी नोकरी घालवून राहिल्या!"

"मले येते गा," त्या म्हणाल्या, "पण काहून येते ते माहीत नाही. भाड्याच्या घरात राहिल्यासारखं वाटते." त्या अर्ध्या दिवसाच्या कामावर आल्या आणि प्रमुखपद माझ्या गळ्यात पडलं. का, तर माझ्याकडे डिग्री होतीच. घ्या!

गणिताच्या पेपरात त्या नापास झाल्या. मला फार वाईट वाटलं. रविवारी सकाळी त्या बेसाहून स्कूटीवर मनीषनगरला माझ्या घरी आल्या. मी तोंड पाडून दार उघडलं, तर ताईंच्या हातात रांगोळीचा डबा! "नापास झाली. पण काहून झाली ते माहीत हाये," म्हणत त्या दारातच बसल्या. एका प्रश्नात विचारलं होतं, हीच 'भांडखोर पहिले'ची पद्धत कुठे फसते ते दाखवा. त्या तिथेच रमल्या आणि बाकीचा पेपर राहून गेला.

त्यांनी दोन टोकांना दोन ठिपके काढले, दोघांना भरपूर रेघा. "हे दोन भांडखोर. याइचं एकमेकाशी काही वाकडं नाही, म्हणून माह्या पद्धतीनं दोघंही पहिल्या तासाले, म्हणजे गुलाबी रंग." मधल्या जागेत आणखी दोन ठिपके आले. एक डाव्या भांडखोराला जोडलेला, दुसरा उजव्याला, आणि ते दोघं एकमेकांना. "आता या गरिबाइले गुलाबी बंद. एक झाला पिवळा. अन् दुसरा?" दुसऱ्याला तिसरा रंग लागत होता, म्हणजे जादा तास. मग त्यांनी उजव्या भांडखोराचा गुलाबी बोटानं पुसला आणि त्याला पिवळा केला. दुसऱ्या गरिबाला गुलाबी मोकळा झाला. झालं! दोनच रंगांत सगळे बसले.

"जागा होती गा," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. दरसाल बस चुकणाऱ्या बाईंच्या आठवणीनं, हे विचारायची गरज नव्हती.

सोमवारी आम्ही दोघांनी मिळून सॉफ्टवेअर बदललं. अडलं की आधी बसलेल्या भांडखोरालाही उठवून पाहायचं. दुपारी त्या शाळेचं वेळापत्रक चालवलं, तर तेवढ्याच शिक्षकांत चित्रकलेचा तास जेवणाच्या सुट्टीआधी बसला.

पुढच्या खेपेला शोभाताई त्या पेपरात पास झाल्या, डिग्रीही झाली. आता त्या आमच्याकडे नाहीत, मौद्याला मुलींना कॉम्प्युटर शिकवतात. मला मात्र त्या आठवतात त्या सोमवारच्याच. फोन स्पीकरवर होता.

"बाई, बसला तुमचा तास. शिक्षक कमी नव्हते. मीच चुकली होती."

मला वाटलं, आता या बाई भडकणार, आणि भडकावंच त्यांनी. पलीकडून हळूच आवाज आला, "काहून नव्हता बसत वं, शोभा?"

शोभाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "कागद-पेन्सिल घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "आधी दोन ठिपके काढा."