आकड्यापुढचं एकक

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही, आणि तो तर भाऊजींचा सख्खा भाऊ. तुम्हालाच का सांगतेय, तेही मला नीटसं कळत नाही. पहिल्यांदाच तोंडातून काढतेय, तेव्हा अडखळणारच.

मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवते. मुलं मला घाबरतात आणि — खरं सांगायचं तर — मला ते आवडतं. उत्तर बरोबर असलं तरी पुढे एकक लिहिलं नसेल तर मी अर्धा गुण कापते. पाच काय? पाच ग्रॅम, पाच क्विंटल, की पाच म्हशी? हे माझं वाक्य शाळेत प्रसिद्ध आहे. मुलं माझी नक्कल करतात ती याच वाक्याची. हल्ली ते कानावर आलं की मी दुसऱ्या जिन्यानं जाते.

माझ्या थोरल्या जाऊबाई मुरुडला राहतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. भाऊजी मालट्रक चालवायचे. टाईप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून फोनवर बोलूनच अक्कांना निरोप पाठवायचे. घरात दोघं फारसं बोलत नसत, पण या निरोपांत भाऊजी मोकळे व्हायचे — कुठल्या ढाब्यावर भाजी खारट होती, भोकरच्या पुढं रस्ता किती उखडलाय — आणि शेवटी ठरलेलं, "तू जेवून घे, माझी वाट बघू नको." ते गेले, आणि अक्का रोज भाकरी थापताना एखादा निरोप लावू लागल्या. मला आधी विचित्र वाटायचं. मग सवय झाली.

एका उन्हाळ्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या. जागा भरली म्हणून फोन सारखा कुरकुरत होता, लेकीनं पाठवलेले नातवाचे फोटो उघडेनात. फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू शिकलेली हायस, तूच बघ. ह्यांचं बोलणं तेवढं ऱ्हाऊ दी. बाकी काय बी काढ."

तेवढंच मागितलं होतं.

इथून पुढं माझं डोकं कसं चाललं, ते मला आजही उलगडत नाही. मी फायलींची यादी उघडली. नावं सगळी अगम्य, नुसती अक्षरं आणि आकडे. समोर प्रत्येकीचा आकार. मी म्हटलं, बोलणं म्हणजे हलकं, सिनेमे म्हणजे जड. तेव्हा मोठे आकडे काढायचे, लहान ठेवायचे. २१२, ३४०, ८६ — काढले. १.४ आणि २.१ ठेवले, ते भाऊजी असणार म्हणून. पुढे केबी, एमबी, जीबी लिहिलेलं नव्हतं का? होतं की. मग वाचलं नाही? की वाचलं, आणि किलो म्हणजे वजनदार असं काहीसं मनात आलं? एक तरी लावून ऐकायचा ना — नाही ऐकला. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. शिवाय फोनमधली कचरापेटीही रिकामी केली, मला अर्धवट काम खपत नाही.

तरी फोन म्हणतोच आहे, जागा भरली. मी चक्रावले. एवढे मोठाले आकडे काढले, फरक कसा पडेना? मग राहिलेला १.४ लावून बघितला. सिनेमा निघाला.

पुढे शाळेत संगणकाच्या सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी. दुसरे सर मध्येच म्हणाले, हजार नव्हे, एक हजार चोवीस. दोघं वाद घालत बसले. हे वरचे चोवीस कुठून आले, मला अजून कळलेलं नाही. एवढं कळलं, की मी काढलेले आकडे केबीतले होते, ठेवलेले जीबीतले; भाऊजींचे सगळे निरोप एकत्र केले असते तरी त्या एका सिनेमाच्या पासंगालाही पुरले नसते. जागा त्यांनी अडवलीच नव्हती.

पण थांबा — मला सांगायचंय ते हे नाही. ही चूक झाली. खरं ते पुढं आहे.

संध्याकाळी अक्का भाकरीला बसल्या आणि त्यांनी निरोप दाबला. आवाज आलाच नाही, पडद्यावर अक्षरं आली. चष्मा जवळ नव्हता, म्हणून फोन माझ्यापुढे धरला. "काय लिवलंय गं?" लिहिलं होतं — ही फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. ते मी वाचलं नाही. मी काय म्हणाले? अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "अक्का, तुमचंच बोट लागलं असेल कुठंतरी. पुसून गेलंय सगळं."

त्या भांडल्या नाहीत. पीठ लागलेल्या बोटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातानं गेले म्हणायचे." त्या क्षणी बोलता आलं असतं. मी कुरडया गोळा करायला गच्चीवर गेले.

तेव्हापासून अक्का फोनला हात लावायला भितात. वाजला की कुणाला तरी हाक मारतात. परवा मी मुरुडला गेले होते, लेकीचा फोन आला, तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "तू उचल बाई," म्हणाल्या. "माझ्या बोटाचा काय भरोसा न्हाई."

मी उचलला, त्यांच्या कानाशी धरला, आणि मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत तसाच धरून उभी राहिले. बोट माझं होतं, हे तेव्हाही सांगितलं नाही.