कोऱ्या पानावरचे अंगठे

जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या अप्पांनी सगळ्यात आधी दुकानाची पाटी उतरवली, 'जि. उस्मानाबाद' खरवडून काढलं आणि स्वतःच्या हातानं 'जि. लातूर' रंगवलं. अप्पा म्हणजे माझे वडील. रेणापूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं त्यांचं किराणा दुकान, आणि मी त्याच गावच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. पूर्वी कचेरीचं काम म्हटलं की उस्मानाबादेत एक मुक्काम ठरलेला. आता लोक उगीचच लातूरला जाऊन यायचे आणि एसटीत शेजारच्याला सांगायचे, "जिल्ह्याला चाललोय."

निजामाच्या राज्यात तिरंगा लावला म्हणून अप्पांनी कोवळ्या वयात काठ्या खाल्ल्या होत्या. डावा गुडघा त्यानंतर कधी नीट वाकला नाही. म्हणून पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेतल्या झेंड्याची दोरी ओढायचा मान त्यांचा. आदल्या दिवशी ते आपली टोपी स्वतः धुवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. भांडण व्हायचं ते सरकारवरून. झेंडा आपला तर सरकारही आपलं, आणि आपल्या माणसाला नावं ठेवायची नसतात, असं त्यांचं सरळ गणित. रेडिओवर बातम्या लागल्या की दुकानात गिऱ्हाईकानंसुद्धा गप्प बसायचं. मी काही बोलले की म्हणायचे, "सरकार म्हंजे माय हाय. मायला कुणी जाब इचारतं का?" मी तर आईला रोज विचारत होते आणि ती मला त्याच्या दुप्पट ऐकवत होती. त्यानं आमच्या मायलेकींची माया काही आटली नाही. पण अप्पांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि त्या वर्षी तर ओतायलाही पाणी नव्हतं.

पावसानं पाठ फिरवली होती. पौषातच विहिरींचे तळ दिसायला लागले. एक दिवसाआड टँकर यायचा. त्याचा भोंगा ऐकला की मीसुद्धा वर्ग सोडून घागर घेऊन पळायची, लाज कसली? टँकर नसता तर दीड कोसावरच्या झऱ्याशिवाय गावाला आधार नव्हता.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा व्हायची. तिची आमच्याकडची रीत अशी की सह्या-अंगठे आधी, ठराव मागून. ग्रामसेवकाकडं तीन गावं, त्यात अक्षर कोंबडीच्या पायाचं. म्हणून ठरावाचं रजिस्टर अप्पांच्या दुकानात असायचं. चहापत्ती न्यायला आलेला माणूस कोऱ्या पानाच्या तळाशी अंगठा उमटवून जायचा. वर काय लिहिणार, असं कुणी विचारायचं नाही. अप्पा लिहिणार म्हटल्यावर विचारायचं काय? हे बरोबर नाही असं मी एकदा म्हटलं, तर अप्पा आठवडाभर माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक एक चिठ्ठी घेऊन आला.

"वरचे साहेब उद्या झेंड्याला येणार हायेत, अप्पा. एवढं रजिस्टरात उतरवून ठेवा. नवा जिल्हा हाय, आपल्या गावाचं नाव चांगलं दिसलं पायजे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर देशासाठी काठ्या खाल्लेल्या."

तो गेला. लिहिण्याआधी मजकूर मोठ्यानं वाचायची अप्पांना सवय होती. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचलं : गावात पिण्याच्या पाण्याची टंचाई नाही. टँकर बंद करण्यास ग्रामसभेची हरकत नाही. शासनाचे आभार.

मी आत डाळ निवडत होते. तोंड उघडणार तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून आवाज आला. मजुरीला जाणारी एक बाई रिकामी घागर घेऊन टँकरची वाट बघत तिथं बसली होती. सकाळीच तिनं त्या पानावर अंगठा दिला होता.

"आसं लिवायचं हाय व्हय, अप्पा?"

"सरकारनं सांगितलंय, बाई."

"मग लिवा की. पर पयलं माझा अंगठा पुसा."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. अप्पांनी पान उजेडाकडं धरलं, तळाचा एकेक अंगठा बघत गेले. त्यांना घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. वाद मी जिंकले होते, आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मग चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि लिहायला बसले. काय लिहिताहेत ते मला बघू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. साहेब खुर्चीत बसले आणि अप्पांनी रजिस्टर उघडून खणखणीत वाचलं : गावात प्यायला पाणी नाही. टँकर बंद करू नये, रोज पाठवावा. ग्रामसेवकाचा चेहरा पडला.

साहेब हसतच म्हणाले, "स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसानं सरकारला असं अडचणीत आणावं?"

"निजामाच्या वक्ताला सरकार सांगंल तेच बोलायचं व्हतं, साहेब," अप्पा म्हणाले. "तेच चालवायचं आसतं, तर म्या काठ्या कशाला खाल्ल्या?"

साहेबांनी चहा घेतला नाही. टँकर मात्र चालू राहिला. रोज नाही, आपला एक दिवसाआड.

पंधरा ऑगस्ट जवळ आला तेव्हा मुख्याध्यापकांनी मान खाली घालून मला सांगितलं की या वेळी दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची, असं वरून आलंय. मी घरी येऊन भांडी आपटली. अप्पांना म्हटलं, "आता जायचं नाही तुम्ही. अपमान करून घ्यायला जायचं का?"

"दोरी दुसऱ्याकडं गेली, पोरी," ते म्हणाले. "झेंडा कुठं गेलाय?"

ते गेले. चौथीच्या पोरांच्या रांगेमागं उभे राहिले. राष्ट्रगीताला मागून त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.