व्हॅनमधला वास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरचे चिडवतात — मग ही एवढी गोष्ट इतकी वर्षं आत कशी राहिली? तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापुढं मला चांगली बाई म्हणून मिरवायचं नाही.

आम्ही काही शिक्षक केजहून बालाजी ड्रायव्हरच्या व्हॅननं युसूफ वडगावच्या पुढच्या शाळेत जायचो. मला गाडी लागते, म्हणून पुढची सीट माझी. वाटेतल्या वस्तीवर सुभद्रामावशी चढायची. शाळेच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. त्याआधी दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायची. मोळ्या वाहून कंबर गेली होती. या नोकरीनं हातातला कोयता सुटला, असं तीच सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना लई खूश असायची.

त्या वर्षी पोळ्यानंतर व्हॅनमध्ये वास यायला लागला. ब्लोअर लावला की जाळ्यांतून आंबूस, कुजका भपका. बालाजीनं काय काय केलं — कापूर ठेवला, लिंबं कापून ठेवली, दारं लावून ऊद जाळला, अत्तराची बाटली टांगली. वास गेला नाही, उलट अत्तरात मिसळून जास्तच मळमळायला लागलं. शेवटी ब्लोअर बंद. त्यात ऑक्टोबरचं ऊन. सगळे घामाघूम, चिडलेले, आणि मग एकमेकांकडं बघायला लागलेले.

मावशी सकाळी गोठ्यातलं उरकून यायची. आणखी काय पाहिजे?

तिचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं? मी नाही. पण मी मान हलवली. तुमचं ऐकते ती, तुम्हीच सांगा, असं सगळ्यांनी म्हटलं — आणि मी सांगितलं. शाळेच्या नळाजवळ, अगदी गोड आवाजात. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इतके दिवस तुमी का म्हून सोसलं, बाई? आधीच सांगायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती ओल्या केसांनी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मागं दाराशी बसली, खिडकी उघडून, अंग चोरून. त्या दिवशीही वास आला. येणारच होता.

कारण तो वास कुठून येतो हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मावशीची म्हैस व्याली होती. तिनं माझ्या लेकरांना खरवसासाठी डबाभर चीक दिला होता. मांडीवर घेतला तर साडी खराब होईल म्हणून मी तो समोर काचेखाली ठेवला. संध्याकाळी परतल्यावर केजला सगळे उतरले, बालाजी टपरीवर गेला, मी डबा उचलायला गेले आणि झाकण निघालं. सगळा चीक काचेखालच्या जाळीतून आत गेला. मी वरचं रुमालानं पुसलं आणि घरी गेले. चीक सांडला की म्हशीचं दूध आटतं, असं मावशी मानायची. म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यात गूळ घालून परत दिला आणि म्हटलं, खरवस फार छान झाला. तिचा चेहरा फुलला.

ते खोटं मी माफ करू शकते. पण पुढचं? आंबलेल्या दुधाचा वास कुठल्या बाईला ओळखू येत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मीच बालाजीच्या मागं लागून व्हॅन गॅरेजला न्यायला लावली. मेकॅनिकनं पुढचा कप्पा काढला, ब्लोअर काढला. आतल्या नळीत पिवळा थर वाळून घट्ट बसला होता. साबणाच्या कोमट पाण्यानं ब्रश मारून सगळं धुतलं, उन्हात वाळवलं, दारं उघडी ठेवून ब्लोअर चालवला. वास गेला. इतकं सोपं होतं ते.

"हे तर दूध हाय," बालाजी म्हणाला. "देवदर्शनाच्या भाड्यात कुणीतरी सांडलं असंल. सगळ्यांला सांगतो, मावशीचं नाव उगं घेतलं आपण." मी म्हटलं, जाऊ दे, झालं ते झालं, आता कशाला लाज काढायची. कुणाची लाज, ते त्यानं विचारलं नाही. त्या बिचाऱ्यानं कुणाला सांगितलंही नाही.

शाळा उघडली तेव्हा वस्तीवर कुणी उभं नव्हतं. मावशी काम सोडून मुलासुनेबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्या कंबरेनं. आणि व्हॅनमध्ये वास नव्हता. बघा, गेला की नाही, असं कुणीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले.

मागच्या महिन्यात केजच्या बाजारात ती दिसली. पार वाकलेली, बरोबर लहान नात. मी जवळ गेले तशी ती मागं सरली, पदर अंगाभोवती घट्ट घेतला आणि तिथूनच माझ्या लेकरांची चौकशी केली. मी नातीला द्यायला पिशवीतून केळं काढलं. पोरगी पुढं आली, तर मावशीनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

"लांब हुबी ऱ्हा. बाईला वास सोसत न्हाई."

पोरगी थांबली. फ्रॉकची बाही नाकाशी नेऊन तिनं हुंगली. मग माझ्याकडं बघितलं.