लाल शिडी

आमच्या मालकांना ताडकळसमधी लोक लिंबाजी पुढारी म्हणायचे, ते बी हसून. ह्यांच्या पक्षाचं नाव कुणाला धड येत न्हवतं. दाराला 'कष्टकरी सभा' अशी पाटी, अन् ती रोज सकाळी धोतराच्या सोग्यानं पुसायची, एवढाच काय तो पक्ष. अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत गावातून मतं पडली पाच. आमच्या घरातच मतदार सहा! परभणीहून पक्षाचे अध्यक्ष बन्सीधरराव आले अन् म्हणले, पुढच्या बारीला पन्नास झाली न्हाईत तर पाटी उतरवा. त्या दिवशी हे जेवले न्हाईत. माझ्या बी गळ्याखाली घास उतरला न्हाई, पण का ते मी कुणाला बोलले न्हाई.

ऐंशीच्या उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक लागली. लहान पक्षाला दर बारीला नवं चिन्ह. ह्या बारीला शिडी मिळाली. गावातल्या भिंती मोठ्या पक्षांनी चुना मारून आधीच धरलेल्या. जीप न्हाई, भोंगा न्हाई. मग ह्यांनी बाभळीची लांबलचक शिडी केली, लाल रंगवली, वर पक्षाचं नाव घातलं अन् ती खांद्यावर घेऊन आठवडी बाजारात हिंडले. लोक पोट धरून हसले. हे खांदा सोलून घरी आले. मी हळद लावली अन् वर चार शब्द बी सुनावले.

दिवस कुरडयांचे. घरोघर बायकांची माळवदावर वाळवणं चाललेली. शेजारच्या चतुराबाईची शिडी मोडली म्हणून ती आमची मागायला आली. हे म्हणले, पक्षाचं चिन्ह हाय, कुरडयांसाठी द्यायचं न्हाई. माझं डोस्कंच फिरलं. मी शिडी उचलून तिच्या दारात नेऊन उभी केली. दोन दिवस हे माझ्याशी बोलले न्हाईत. पण शिडी काही घरी परत आली न्हाई. चतुराबाईकडून छबूबाईकडं, तिथून पुढं. नामांतराच्या दंग्यापासून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद होतं, पण शिडी दोन्हीकडच्या माळवदांना लागली. बायका आडावर विचारायच्या, लाल शिडी आज कुणाकडं हाय?

बाजाराच्या दिवशी मोठ्या पक्षाच्या किशनरावांना वेशीवर ब्यानर बांधायचं होतं. वेशीला पुरंल एवढी शिडी गावात आमचीच. त्यांचा गडी ती घेऊन गेला. वाऱ्यानं ब्यानर सारखं सुटायचं, म्हणून त्यानं शिडी दिवसभर तिथंच ठेवली. वर त्यांचं ब्यानर, खाली आमचं चिन्ह, अन् अख्खा बाजार तिथून गेला. हे शिडीशेजारी उभे राहून सगळ्यांना रामराम घालत होते. शेवटी किशनरावांनाच हसू आलं.

"लिंबाजी, तुझा प्रचार आमीच करायलाव की," ते म्हणले.

आमचा उमेदवार सपाटून पडला. पण ताडकळसची मतं निघाली त्र्याहत्तर! ह्यांनी गावभर गूळ वाटला अन् पाटी तीनदा पुसली. मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, मागच्या बारीचं सहावं मत माझंच चुकलं. तुमी सगळ्या तालुक्याला चिन्ह सांगत हिंडलात, घरात सांगायचंच ऱ्हायलं. मी आपला अंदाजानं शिक्का हाणला. हे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

पंच्याऐंशीला नवं चिन्ह मिळालं तवा हे कचेरीतून निघाले ते कुठंच थांबले न्हाईत. थेट चुलीपुढं येऊन बसले.

"धुरपता, कंदील हाय," म्हणले. "पहिलं तुलाच सांगायलोय."