साडूभाऊंची जपानी गाणी

अख्ख्या नगर जिल्ह्यात जपानी गाणी म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. शेवगावला आमच्या सासुरवाडीत कुठलंही कार्य असो, जेवणं उरकली की सासरे म्हणायचे, "जावईबापू, होऊ द्या एखादं." मग मी आढेवेढे घेत पेटी ओढायचो आणि भावगीत म्हणायचो. बारा वर्षं हा मान माझा होता. टीव्हीवर नुकतेच चॅनेल वाढू लागले होते त्या सुमारास, सुप्याच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या या धाकट्या साडूंना कंपनीनं तीन महिने ट्रेनिंगला जपानला पाठवलं, आणि येताना ते कराओकेचं यंत्र घेऊन आले. त्यात गाण्याचं नुसतं संगीत वाजतं. गळा आपला आपण आणायचा.

साडूंचा गळा म्हणजे फरशीवरून लोखंडी कपाट सरकवावं तसा. पण गाणं निवडण्याचा थाट काय वर्णावा! शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवलेली गाणी ते वीस-वीस मिनिटं चाळत बसायचे. बारशाला एक पान उघडून म्हणाले, "हे नगं. ह्यात आई घरी ऱ्हाती आन बोट सुटती." पुरणपोळीच्या जेवणानंतर म्हणाले, "जड जेवनावर बर्फाचं गानं चालत न्हाई." आणि सगळी मंडळी श्वास रोखून वाट बघायची. मी एक शब्द चुकलो तर सासूबाई स्वयंपाकघरातून दुरुस्त करायच्या. यांना दुरुस्त कोण करणार? बायकोपाशी कुरकुर केली, तर ती म्हणाली, "त्यांचं काही कळत नाही, म्हणून ऐकावंसं वाटतं. तुमचं सगळं कळतं." दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

एकदा साडू म्हणाले, "जपानचे साहेब आल्यात. रविवारी दुपारी जेवन ठिवलंय. तुमी गान्यातले, चला की." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मनात एकच होतं, आज अस्सल जपानी माणसापुढे यांचं पितळ उघडं पडणार.

कॅन्टीनमध्ये दोन पाहुणे होते. तरुण साहेब कशालाही टाळ्या वाजवत होता. म्हातारे साहेब मान खाली घालून वरणभात चिवडत होते. चार दिवसांत ते कामापलीकडे बोलले नव्हते म्हणे. साडूंनी कंपनीच्या दुभाषी मुलीकरवी त्यांचं गाव विचारलं आणि वही उघडली. मिटली. पुन्हा उघडली. मॅनेजर घड्याळ बघू लागले. शेवटी साडू म्हणाले, "ह्येच," आणि कपाट सरकू लागलं.

पहिल्या कडव्याला म्हाताऱ्यांनी चमचा खाली ठेवला. दुसऱ्याला चष्मा काढला. बारा वर्षांत माझ्या गाण्यासाठी कुणी तोंडातली बुंदी चावायची थांबवली नव्हती. गाणं संपताच मी दुभाषी मुलीला गाठलं. "साहेबांना विचारा, उच्चार बरोबर होते का?"

म्हातारे बराच वेळ बोलले. ती म्हणाली, "चुका भरपूर आहेत, म्हणतात. पण त्या चुका त्यांच्या गावाकडच्या आहेत. त्यांची आई हे शब्द असेच म्हणायची."

परतताना स्कूटरवर मागे बसून मी विचारलं, "हे शिकलात कुठं?"

"हॉस्टेलात सैपाकाला एक म्हातारी बाई हुती. समदे माज्याशी हातवारे करायचे. ती तेवढी तोंडानं बोलायची. कळायचं न्हाई, पन बोलायची. भाजी निवडताना गायची, मी लिहून घ्यायचो. अर्थ मागनं दुभाष्याला इचारला."

"मग गाणं निवडायला एवढा वेळ का लावता?"

"कंचं गानं तिनं कवा म्हनलं हुतं, ते आठवतो."

थोडं अंतर गेल्यावर तेच म्हणाले, "साडूभाऊ, बाईच्या चाली यंत्रातल्यावानी न्हाईत, त्या तुमी पेटीवर धरून ठिवा. माज्या गळ्यात बिघडत चालल्यात."

खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला हेवाच वाटला. माझी सगळी गाणी मी रेडिओवरून घेतलेली. माझ्याशी बोलता यावं म्हणून कुणी गायलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते घरी आले. मी कॅन्टीनमधल्या त्या गाण्याची चाल चोख बसवून ठेवली होती, एक सूर इकडचा तिकडे नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"सुरात हाय," ते म्हणाले. "पन बाई इतकी सुरात म्हनत नव्हती. जरा खाली घ्या."

मी खाली घेतलं.

"आनखी जरा."

मी आणखी खाली घेतलं. मग वही न उघडता ते हळूच म्हणू लागले, आणि मी त्यांच्या मागून जात राहिलो.