कुलूपवाल्या काकांचा आगमनकाळ

काकांनी चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त केली. दुकान म्हणजे जिन्याखालची कपाटाएवढी जागा. गिऱ्हाईक आलं की काकांनी पाय आखडून घ्यायचे. "चोराला कुलूप उघडता येतंच. ते असतं भल्या माणसासाठी," असं हसत सांगायचे.

मग डोकं साथ देईना. आधी किल्ल्यांचे नंबर विसरले, मग गिऱ्हाइकांचे चेहरे, आणि एका दुपारी स्वतःचं दुकानच त्यांना सापडेना. मुलाने दुकान बंद केलं.

त्या वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी काकू त्यांना हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेल्या. चार रविवारच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली लागली. पाळक म्हणाले, नाताळला थोडेच आठवडे उरलेत, येणाऱ्यासाठी घर तयार ठेवा, त्याला दार बंद दिसू नये. काकूंनी हे दरवर्षी ऐकलं होतं. काका मात्र पुढे झुकून, कानामागे हात धरून ऐकत होते.

घरी येताच त्यांनी स्क्रूड्रायव्हर शोधून काढला. संध्याकाळपर्यंत पुढच्या दाराचं कुलूप, मागची कडी, कपाटाचा खटका, सगळं टेबलावर ओळीने मांडलेलं होतं. माणूस विसरला होता, हात विसरले नव्हते. एकही स्क्रू हरवला नाही.

"अहो, हे काय केलंत?"

"येणारा बाहेर ताटकळायला नको."

तेव्हापासून रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दारासमोर खुर्ची टाकून बसू लागले.

मुलगा आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "आई, अगं कुणी घरात शिरलं तर?"

"शिरू दे. नेण्यासारखं आहे काय आपल्याकडे? नेलंच तर तुझ्या बाबांना नेईल."

दोघं हसली.

मुलाने दाराला नवं कुलूप बसवलं आणि हत्यारांचा डबा सोबत नेला. दुसऱ्या दिवशी काकू दार बाहेरून लावून भाजी आणायला गेल्या. परतल्या तर काका दाराशी गुडघे टेकून बसलेले. नखांनी स्क्रू फिरवून फिरवून बोटं रक्ताळली होती.

"तो उभा आहे गं बाहेर," ते म्हणाले. "माझा धाकटा. दोनदा वाजवलं त्याने."

काकू तिथेच खाली बसल्या. वीस वर्षांपूर्वी काकांचा धाकटा भाऊ दारूपायी आईच्या मातीलासुद्धा आला नव्हता. महिन्याने आला तेव्हा काकांनी कुलूप बदललेलं होतं. त्याने दोनदा दार वाजवलं आणि निघून गेला. पुढे आली ती त्याच्या मरणाचीच बातमी. त्याचं नावही मग घरात कुणी काढलं नाही.

काकूंनी त्यांची बोटं धुतली, पट्ट्या बांधल्या. मग शेजारून स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि स्वतःच काकांच्या हातात दिला.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी काका खुर्चीतच गेले. काकू चहा गाळून घेऊन आल्या, तर मान एका बाजूला कलली होती. समोर दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर कुणीच नव्हतं.

नाताळच्या सकाळी उपासना संपली. लोक एकमेकांना शुभेच्छा देत बाहेर पडले. काकू बाकावरच बसून राहिल्या, तेव्हा पाळक जवळ आले.

"काकू, काकांसारखी तयारी आमच्यापैकी कुणी केली नाही. ते आता शांत असतील."

"ते असतील हो. माझंच राहिलंय."

"काय राहिलंय?"

"भावजींनी दार वाजवलं तेव्हा मीही घरातच होते. हे म्हणाले, उघडायचं नाही. मी खाली मान घालून शिवण शिवत राहिले. दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं."

पाळक काकूंच्या शेजारी बसले. बाहेरचे आवाज हळूहळू लांब गेले, तरी दोघं तिथेच बसून होती.