ज्याला जन्म नाही

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. लग्न होऊन मी टोकावड्याला आले होते. माहेर धसईला, पण आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मूल रडलं नाही. सुईणीनं ते फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं. मी विचारत राहिले, "काय झालं गो? दाखव ना."

सासूबाई म्हणाल्या, "जल्मलंच नाय, तं काय दाखवायचं? इसर आता."

बारसं नाही, नाव नाही. नवरा कल्याणला लाकडाच्या वखारीत कामाला. निरोप मिळून तो येईपर्यंत घरात भाताची झोडणी सुरू झाली होती. मला मात्र दूध आलं होतं. जाऊबाईंनी छातीला घट्ट फडकं बांधलं आणि त्या झोडणीला गेल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते दिवेलागणीला ओटीवर पोथी वाचत, जमलेल्या शेजाऱ्यांना अर्थ सांगत. एका संध्याकाळी मी चुलीपाशी होते. ते सांगत होते, "सृष्टीच्या आधी कायच नव्हतं, तवा एकच व्हता. त्याला जल्म नाय, नाव नाय, रूप नाय. पर सगळं त्याच्याच पोटातून आलं."

मी उठून दारात आले. पुरुषमाणसांसमोर तोवर कधी बोलले नव्हते.

"मामा, माझ्या बाळालाबी जल्म नाय, नाव नाय. मंग त्याची आठवन कोनीच का नाय काढीत?"

सासूबाई आतून ओरडल्या. मामांनी पोथी मिटली. त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

सकाळी म्हणाले, "चल माझ्यासंगं."

शेताच्या बांधावर, करंजाखाली ते थांबले. "हितं मीच ठेवलं तिला."

"तिला?"

"पोरगी व्हती. डोईला दाट केस, तुझ्यावानी."

मला तोवर हेही कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली बसले, दहिवरानं ओल्या झालेल्या मातीवर हात ठेवला. मामाही बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"पोथीत लय लिवलंय गो. पर हिचं काय झालं, ते मला नाय सांगता येत."

घरून हाक येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो.

पुढे मला दोन मुलगे झाले. मामा गेले. वाटणीत ते शेत दिराकडे गेलं, आणि त्यानं बांध फोडून खाचरं एक केली. मी त्याला अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

मुलं किती, असं कुणी विचारलं की मी दोन सांगते. तिला मनातल्या मनात मोजते.